सल्ल्याची फी कोण देतं?

बीड जिल्ह्यात कृषी पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला घरचे बहुधा तीन रस्ते सांगतात. पुण्याला जाऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कर. खत-औषधाच्या कंपनीत लाग. नाहीतर तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र टाक. चौथा रस्ता सहसा कुणी सांगत नाही, कारण तो कुठल्या जाहिरातीत छापून येत नाही. एकच पीक धरायचं, त्यात खोल उतरायचं आणि त्या पिकाचा सल्लागार म्हणून शेतकऱ्याकडून फी घेऊन काम करायचं. हे काम नेमकं कसं चालतं, त्यातून काय मिळतं आणि काय गमवावं लागतं, ते इथे सावकाश पाहू. आईवडिलांसमोर हा विषय काढायच्या विचारात असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे.

महाराष्ट्रात पैसे मोजून पिकाचा सल्ला घेण्याची सवय रुजवली ती द्राक्षाने. नाशिक-सांगलीकडचा बागायतदार एकरी ठरलेल्या फीवर सल्लागार लावतो. सल्लागार ठरावीक दिवसांनी बागेत येतो, वेलीची अवस्था पाहतो आणि पुढच्या काही दिवसांचं शेड्यूल लिहून देतो. द्राक्षाला हे परवडलं, कारण एकरी खर्च मोठा, एका चुकीचं नुकसान मोठं आणि परदेशी बाजाराचे नियम कडक. पुढे डाळिंबानेही हीच वाट धरली. बीडमध्ये मात्र सल्ला म्हणजे दुकानाच्या काउंटरवर बाटलीबरोबर फुकट मिळणारी गोष्ट, अशीच समजूत आहे. म्हणून इथल्या सल्लागाराची पहिली अडचण ज्ञानाची नसते. सल्ल्याला स्वतंत्र किंमत असते, हे पटवणं हीच पहिली अडचण असते.

आता पीक कोणतं धरायचं? या जिल्ह्यात दोन नावं लगेच समोर येतात. एक सीताफळ. बालाघाटच्या डोंगररांगांत, विशेषतः धारूर-अंबाजोगाईच्या बाजूला, ते पूर्वीपासून आहे. ‘बीड सीताफळ’ या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईलाच आहे. दुसरं नाव रेशमाचं. तुती लावून कोष काढणाऱ्या शेतकऱ्यांत बीड राज्यात पुढे आहे. एकेकाळी कोष घेऊन थेट कर्नाटकातल्या रामनगरमला जावं लागे, आता बीडच्या बाजार समितीतच कोष विकता येतात. मोसंबी, डाळिंब, लिंबू हीही आहेत, पण समजावून सांगायला ही दोन पुरेशी आहेत, कारण दोघांचा स्वभाव अगदी उलटा आहे.

सल्लागाराचं काम काय असतं, हे एका फेरीतून कळेल. ऑगस्टमधला दिवस समजा. सकाळी व्हॉट्सॲपवर फोटो येतो आणि खाली मजकूर: ‘सर, फळाला पांढरं पांढरं लागायलंय, काय मारू?’ दुकानात हा फोटो दाखवला तर उत्तरादाखल बाटली मिळते. सल्लागार मात्र गाडी काढून बागेत जातो आणि फळाकडे पाहण्याआधी खोडाकडे पाहतो. खोडावरून मुंग्यांची रांग वर चाललेली असते. फळावरचं पांढरं म्हणजे पिठ्या ढेकूण. तो गोड चिकट द्राव सोडतो. त्या द्रावासाठी मुंग्या त्याला सांभाळतात आणि त्याच्या नैसर्गिक शत्रूंना हुसकावतात. द्रावावर पुढे काळी बुरशी वाढते आणि फळ बाजारातून उतरतं. मग सल्ला असा निघतो: जमिनीला टेकलेल्या फांद्या काढा, बुंध्याजवळचं तण काढा, खोडाला चिकट पट्टी बांधा, क्रिप्टोलीमस हे मित्रभुंगेरे सोडा. व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशी फवारायची असेल तर हवेत दमटपणा असताना, संध्याकाळी फवारा. आणि भुंगेरे सोडल्यावर जहाल कीटकनाशक मारू नका, नाहीतर तेच आधी मरतील. या यादीतल्या निम्म्या गोष्टी कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत. त्या सांगण्यासाठीच सल्लागार लागतो.

दुसरं उदाहरण फुलाचं. सीताफळाला फुलं लगडतात, फळं मात्र मोजकी धरतात. शेतकरी हवालदिल होतो आणि टॉनिकचे दोन-तीन डबे घरात येतात. खरं कारण फुलाच्या घडणीत आहे. सीताफळाच्या फुलात स्त्रीभाग आधी तयार होतो आणि परागकण मागाहून सुटतात. स्वतःचे पराग येईपर्यंत स्त्रीभागाची वेळ टळलेली असते. परागीभवन करतात ते बारीक भुंगेरे, आणि हवा कोरडी-तापलेली असेल तर फळधारणा आणखी घसरते. हे ज्याला माहीत आहे तो बागेत ओलावा टिकवायला सांगेल, निवडक झाडांवर ब्रशने हाताने परागीभवन करून दाखवेल आणि टॉनिकचा खर्च वाचवेल. एका पिकात खोल उतरण्याचा पहिला फायदा हा. दहा पिकांचं थोडंथोडं ज्ञान दहा बाटल्यांपर्यंत पोहोचवतं. एका पिकाचं पूर्ण ज्ञान कारणापर्यंत पोहोचवतं.

पण हे ज्ञान किती वर्षांत येतं? पीक निवडताना हा प्रश्न कुणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कोरडवाहू सीताफळाचं चक्र वर्षाचं आहे. हिवाळ्यात पानगळ, मग विश्रांती, मे-जूनला नवी पालवी आणि फुलं, सप्टेंबर ते नोव्हेंबर तोडणी. आज दिलेला सल्ला बरोबर होता की चूक, ते कळायला पुढची दिवाळी यावी लागते. पाच वर्षं काम केलं तरी हंगाम पाचच पाहिलेले असतात. रेशमाचं तसं नाही. अळी चार वेळा कात टाकते आणि अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण २५ दिवसांत कोष विणायला लागते. चॉकी केंद्रातून बाल्यावस्था ओलांडलेल्या अळ्या आणल्या तर शेतकऱ्याच्या शेडमध्ये त्याहूनही कमी दिवस. शेडचं निर्जंतुकीकरण नीट झालं नाही, ग्रासरी रोग आला, उझी माशी शिरली, तापमान सांभाळलं गेलं नाही, यातली कुठलीही चूक महिन्याभरात समोर येते. म्हणजे नवशिक्या सल्लागाराला वर्षाला अनेक वेळा शिकायला मिळतं. अर्थात, चूक झाली तर शिव्याही महिन्याभरातच मिळतात.

सीताफळाच्या सल्लागाराने ही कसर बागांच्या संख्येने भरून काढायची असते. वेगवेगळ्या जमिनींतल्या चाळीस बागा तो पाहत असेल आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवत असेल, तर पाच वर्षांत त्याच्याकडे दोनशे बाग-हंगामांची वही तयार होते. एका शेतकऱ्याला आयुष्यभरात एवढं पाहायला मिळत नाही. ही वही म्हणजेच सल्लागाराचं भांडवल. नोंदी न ठेवता केवळ स्मरणावर चालणारा माणूस पाच वर्षांनंतरही पहिल्या वर्षाचाच असतो.

आता पैशाकडे येऊ. हिशेब समजावा म्हणून काही आकडे धरू. हे बाजारभाव नाहीत, केवळ गणितासाठी घेतलेले आहेत. चाळीस शेतकरी, प्रत्येकाची दोन एकर बाग, वर्षाची फी एकरी ३,००० रुपये. एकूण २,४०,००० रुपये. प्रत्येक बागेत वर्षाला दहा फेऱ्या म्हटल्या तर चारशे फेऱ्या. दिवसाला चार झाल्या तरी शंभर दिवस मोटारसायकलवर. चौथा हिस्सा फी पहिल्या वर्षी येत नाही असं धरा, कारण ‘माल निघाल्यावर देऊ’ हे वाक्य प्रत्येक गावात ऐकायला मिळतं आणि माल निघाल्यावर आधी दुकानाची उधारी आणि सोसायटीचं कर्ज उभं असतं. उरले १,८०,०००. पेट्रोल, फोन, गाडीची दुरुस्ती, परीक्षणाचा किरकोळ खर्च असे ४०,००० वजा करा. हातात महिन्याला साडेअकरा हजारांच्या आसपास. कंपनीच्या नोकरीत महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो, प्रवासखर्च मिळतो, भविष्य निर्वाह निधी कापला जातो. इथे यातलं काहीच नाही. पहिली दोन-तीन वर्षं घरच्यांचा आधार नसेल तर हा धंदा तगत नाही, हे स्पष्ट सांगायलाच हवं.

आणि नेमक्या याच टप्प्यावर कमिशनचा प्रस्ताव येतो.

तेच आकडे पुढे न्या. प्रत्येक एकरात खत-औषधाचा खर्च वर्षाला २०,००० रुपये धरला तर ऐंशी एकरांचा १६ लाख होतो. दुकानदार किंवा कंपनी म्हणाली की ‘चिठ्ठी आमच्याकडे पाठवा, १५ टक्के तुमचे’, तर वर्षाचे २,४०,००० रुपये होतात. म्हणजे सगळ्या फीइतकेच. तेही वसुलीची कटकट न करता. मोह कुठून येतो ते कळण्यासाठी हे गणित नीट पाहून ठेवा. आता त्याची दुसरी बाजू. प्रामाणिक सल्लागाराने अनावश्यक फवारण्या काढून टाकल्या आणि खर्च एकरी २०,००० वरून १५,००० वर आणला, तर शेतकऱ्याचे ५,००० वाचले. ३,००० फी देऊनही तो २,००० ने फायद्यात, आणि हे उत्पादन एका किलोनेही न वाढता. पण सल्लागार कमिशनवर असेल तर याच बचतीत त्याचे स्वतःचे एकरी ७५० रुपये जातात. त्यामुळे तो हळूहळू बचत सुचवणंच सोडून देतो. माणूस वाईट असतो म्हणून हे घडत नाही. त्याचं पोट कुणाच्या हातात आहे, त्यावर ते ठरतं. रोपवाटिकांच्या बाबतीतही तेच. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेल्या ‘एनएमके-१ गोल्डन’ या वाणाने सीताफळाच्या लागवडीला मोठी उचल दिली. पण तुमच्या जमिनीला, तुमच्या पाण्याला आणि तुमच्या बाजाराला कोणता वाण लागेल हे सांगणाऱ्याला जर रोपामागे पैसे सुटत असतील, तर त्याच्या उत्तरावर विसंबणं अवघड होतं.

माझं मत याबाबत ठाम आहे. फी कमी घ्या, शेतकरी कमी घ्या, जोडीला घरची शेती करा, पण सल्ला आणि विक्री एका हातात ठेवू नका. ज्याला दुकान टाकायचं आहे त्याने उघडपणे दुकान टाकावं. तो सन्मानाचा धंदा आहे. दोन्ही एकत्र केलं की सल्लागार म्हणून असलेली किंमत जाते आणि ती परत येत नाही, कारण गावात सगळ्यांना सगळं कळतं.

जोखमीचं बोलू. एका पिकावर उभं राहणं म्हणजे त्या पिकाच्या नशिबाला आपलं नशीब बांधणं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-बीडकडच्या कितीतरी फळबागा वाळल्या, २०१५ मध्येही परिस्थिती बिकट होती. बागच नाही तर सल्ला कशाचा? उलट सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने आणि पुराने शेतं खरवडून गेली, तेव्हा तोडणीला आलेलं सीताफळ पाण्यात उभं होतं. अशा वर्षी शेतकऱ्याकडे फी मागायला जीभ रेटत नाही, आणि रेटूही नये. पण नेमकं त्याच वर्षी त्याला सल्ल्याची सर्वाधिक गरज असते: यंदा बहार धरू नका, झाड जगवा, आच्छादन करा, चर काढून पाणी बाहेर काढा. म्हणजे कामाला जास्त आणि मिळकतीला शून्य, अशी वर्षं या धंद्यात येणारच. म्हणून मुख्य पिकाबरोबर दुसरं एखादं लहान, वेगळ्या स्वभावाचं पीक शिकून ठेवावं. सीताफळाला रेशमाची जोड द्यायची तर एक पथ्य मात्र आहे. तुतीच्या पानावर शेजारच्या कापसाच्या फवारणीचा शिंतोडा आला तरी आख्खी बॅच मरू शकते. रेशमाच्या सल्लागाराला आपल्या शेतकऱ्याइतकंच बांधापलीकडच्या शेतकऱ्याशी बोलावं लागतं.

कायदेशीर जबाबदारीचा विचार तरुण मुलं सहसा करत नाहीत. फी घेऊन दिलेला सल्ला ही ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवा ठरू शकते, आणि नुकसान झालं तर शेतकरी जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. कोणतं औषध कशात मिसळायचं, फवारणाऱ्याने तोंडाला काय बांधायचं, वारा कुठला असावा, हे सांगणं त्यानंतर तरी सल्ल्याचाच भाग मानायला हवं. दुसरा धडा द्राक्षाचा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षं युरोपात नाकारली गेली. वेलीची वाढ रोखण्यासाठी हे संजीवक बागायतदारांच्या वापरातलं होतं. बागेत चालतं ते बाजारात चालेलच असं नाही, हे त्या हंगामाने पक्कं शिकवलं. सीताफळासारख्या लहान पिकात आणखी एक पेच आहे: मोठ्या पिकांच्या तुलनेत त्यावर वापरासाठी नोंदणी झालेली औषधं फारच कमी असतात. म्हणून प्रत्येक सल्ला लेखी द्यावा. तारीख, गट नंबर, काय दिसलं, काय करायला सांगितलं, मात्रा किती, फवारणीनंतर तोडणीपर्यंत किती दिवस थांबायचं. एक प्रत शेतकऱ्याला, एक आपल्याकडे. तोंडी सल्ला नंतर कुणाच्याच बाजूने उभा राहत नाही.

कराबाबत एक गैरसमज पसरलेला आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग शेतीसल्ल्याची फीही करमुक्त, असं अनेक जण धरून चालतात. तसं नाही. फी हे व्यवसायाचं उत्पन्न आहे, ते विवरणपत्रात दाखवावं लागतं. त्याचा फायदाही होतो. तीन वर्षांची विवरणपत्रं हातात असली की बँकेत कर्जासाठी ताठ मानेने जाता येतं.

आता इथल्या जगण्याशी या कामाचं जुळणं पाहू. बीडचा अल्पभूधारक दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडात जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततो. त्याला डिसेंबरात आठवड्याला तीन फवारण्यांचं शेड्यूल देणं म्हणजे त्याचं जगणंच न समजणं. कोरडवाहू सीताफळ मात्र या चक्रात बसतं: तोडणी आटोपता आटोपता टोळ्या निघतात आणि माणसं गावी नसतात त्या काळात झाडही विश्रांतीत असतं. छाटणी तेवढी मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना जमेल अशी आखून द्यावी लागते. रेशमाचा हिशेब वेगळा. तिथे जवळजवळ महिन्याच्या महिन्याला पैसा येत असल्याने कुटुंब वर्षभर गावात थांबू शकतं, लेकरांची शाळा सुटत नाही. ज्या सल्लागाराच्या कामामुळे एका घराचा कोयता थांबला, त्याला मिळणारं समाधान पगाराच्या पावतीवर दिसणार नाही, पण ते खरं असतं आणि माणसाला या कामात टिकवतं. अळ्यांचं संगोपन बहुतेक घरांत बायकाच करतात. त्यामुळे शेडमध्ये सहज वावरणारी, ‘ताई, पाला कधी घालायचा?’ असं जिला निःसंकोच विचारता येतं अशी सल्लागार मुलगी इथे मुलांपेक्षा पुढे जाऊ शकते.

पुढच्या वाटांचं काय? दहा वर्षं एका पिकात काढल्यावर शेतकरी उत्पादक कंपनीला, गर काढणाऱ्या प्रक्रिया उद्योगाला, निर्यातदाराला असा माणूस हवा असतो. सीताफळ तोडल्यावर दोन-चार दिवसांत पिकतं, त्यामुळे तोडणीचा दिवस अचूक सांगणाऱ्याची किंमत व्यापाऱ्यालाही कळते. माती-पाण्याचं आणि पान-देठाचं परीक्षण वाचण्याची, लक्षणामागचं कारण शोधण्याची पद्धत एका पिकात पक्की झाली की ती दुसऱ्या पिकातही नेता येते. जे नेता येत नाही ते म्हणजे ओळख. पीक बदललं की नाव पुन्हा पहिल्यापासून कमवावं लागतं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी मदतीच्या जागा आहेत. केंद्र सरकारच्या कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र योजनेत, जी २००२ पासून सुरू आहे, कृषी पदवीधरांना ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं. वैयक्तिक प्रकल्पाला २० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३६ टक्के अनुदान आहे, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के. अर्ज करण्याआधी ताजे नियम नाबार्डच्या कार्यालयात विचारून घ्या. जिल्ह्यात दोन कृषी विज्ञान केंद्रं आहेत, अंबाजोगाईजवळ डिघोळअंबा इथे आणि गेवराई तालुक्यात खामगावला. तिथल्या तज्ज्ञांशी ओळख ठेवा. अडलेल्या वेळी, एकट्याने काम करणाऱ्याला विचारायला कुणीतरी लागतं.

पहिल्या वर्षी चाळीस बागा घेऊ नका, दहा घ्या. त्या एकमेकींपासून अर्ध्या तासाच्या अंतरात असू द्या. त्यातल्या दोन बागांची फी मुळीच घेऊ नका, पण नोंदी सगळ्यांत काटेकोर त्यांच्याच ठेवा, कारण पुढच्या वर्षी नव्या शेतकऱ्याला तुम्ही त्याच दाखवणार आहात. आणि पावतीपुस्तक छापाल तेव्हा त्यावर फक्त तुमचं नाव, तुमची पदवी आणि तुमचं पीक छापा. दुकानाची किंवा कंपनीची जाहिरात मागच्या पानावरही घेऊ नका.